प्रचाराची कामं करणाऱ्या माणसाला पक्षाचा अध्यक्ष होता येतं का?

प्रश्न विचारणाऱ्यांनी लिहिलंय की ते पुण्यात सहा वर्षं कम्युनिकेशन कन्सल्टंट आहेत, म्हणजे नेत्यांची भाषणं लिहिणं, सोशल मीडिया, निवडणुकीचा प्रचार वगैरे, आणि आता एक छोटा पक्ष त्यांना थेट अध्यक्षपद देतोय, मूळ गाव कोकणात आहे तर तिकडनंच सुरुवात करा म्हणतायत, तर घ्यावं का.

होता येतं की. होण्यात कठीण काहीच नाही, एका दुपारी होता येतं. एक पत्र येतं, कोणीतरी शाल घालतं, फोटो निघतो, संध्याकाळपर्यंत स्टेटसला लागतो. मी स्वतः झालोय. राज्याचा वगैरे नाही हो, कणकवलीकडे एका पक्षाचा तालुकाध्यक्ष, जवळजवळ अडीच वर्षं. पक्षाचं नाव सांगत नाही कारण तेव्हाची निम्मी माणसं आता दुसऱ्या पक्षात आहेत आणि उरलेली निम्मी माझ्याच दुकानात बॅनर करायला येतात.

माझं मूळ काम डीटीपी आणि फ्लेक्स. सुरुवातीला वाढदिवसाचे बॅनर, सत्यनारायणाच्या पूजेचे, 'भावी आमदार' वाले (या भावी लोकांवर माझं अर्ध लोन फिटलं). मग हळूहळू लक्षात आलं की लोक मजकूर पण आपल्यालाच विचारतात, काय लिहू, फोटो कोणाचा मोठा ठेवू, कोणाचा राहिला तर कोण रुसेल. तिथून पत्रकं लिहिणं, भाषणाचे मुद्दे काढून देणं, मग व्हॉट्सॲप आल्यावर ते बघणं. कन्सल्टंट हा शब्द मला फार उशिरा कळला, गावात मी 'बॅनरवालो'च होतो.

या धंद्यात एक गोष्ट पहिल्यांदा शिकलो ती कायद्याची. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १२७ अ आहे, निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता पाहिजे, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रकाशकानं सही करून डिक्लरेशन द्यायचं, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या. तुम्ही कधी ते खालचं बारीक अक्षर वाचलंय का? मी पोटासाठी वाचतो. माझ्याकडे आलेल्या कामात तरी तिथे नेत्याचं नाव कधी बघितलं नाही. असतो कोणीतरी वाडीतला पोरगा. वर साहेबांचा हात जोडलेला फोटो आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात ज्याच्यावर केस होऊ शकते त्याचं नाव. हे लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे मी यावर.

आता कोकणातला प्रचार म्हणजे काय ते पुण्यात बसून कळणार नाही म्हणून जरा सांगतो. इथला मतदार अर्धा इथे असतो आणि अर्धा मुंबईत, लालबाग-परळला होता तो आता डोंबिवली, नालासोपारा, विरारला गेलाय. गावच्या वाडीचं मुंबईला मंडळ असतं आणि कित्येक वेळा गावात काय व्हायचं ते त्या मंडळाच्या रविवारच्या मीटिंगमध्ये ठरतं. घरात म्हातारी एकटी असते, ती म्हणते झील (म्हणजे मुलगा) सांगेल तसं. म्हणजे तुम्ही म्हातारीच्या दारात दहा वेळा गेलात आणि झिलाला एक फोन केला नाहीत तर गेलं. मी सुरुवातीला भारी व्हिडिओ करायचो, ड्रोन वगैरे लावून, आणि तो व्हिडिओ वाडीत रेंज नसल्यामुळे फिरत बसायचा गोल गोल. शेवटी कामाला यायची ती भोंगा लावलेली रिक्षा आणि मुंबईच्या मंडळाच्या सेक्रेटरीचा नंबर.

आणि दुसरं म्हणजे गाऱ्हाणं. तुमचं गाव कोकणात म्हणताय म्हणजे ऐकलं असेलच. देवळात एकजण पुढे उभा राहून देवाला सांगतो, बा देवा महाराजा, आणि मागचे सगळे दर वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणतात. मला वाटायचं आपण नेत्याला जे लिहून देतो ते असंच गाऱ्हाणं आहे, सगळ्यांच्या वतीनं एकानं बोलायचं. हे बरोबर आहे पण अर्धंच. गाऱ्हाणं घालणारा कोण असावा ते गावानं कधीचं ठरवलेलं असतं, त्याचा मान असतो, तो कोणाच्या घरातला ते सगळ्यांना माहीत असतं. बाहेरून येऊन उद्या कोणी त्याच्यापेक्षा गोड गाऱ्हाणं घातलं तरी मागून व्हय म्हणायला कोण नसणार.

तुमच्या डोक्यात ते निवडणुकीचे सल्लागार प्रशांत किशोर असणार हे मला माहीत आहे, हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाच्या असतात. तर त्यांचंच बघूया नीट. २०१४ ला मोदींच्या प्रचारात, 'चाय पे चर्चा' वगैरे. २०१५ ला बिहारात नितीशकुमार-लालूंच्या महाआघाडीबरोबर, २४३ पैकी १७८ जागा. २०१७ ला पंजाबात काँग्रेस आली ती पण त्यांच्या कामाच्या वेळी, आणि त्याच वर्षी उत्तर प्रदेशात काँग्रेसच्या ४०३ पैकी फक्त ७. त्याच उत्तर प्रदेशात आधी ती खाट सभा झाली होती, देवरियात, लोकांना बसायला खाटा ठेवल्या आणि सभा संपल्यावर लोक खाटा डोक्यावर घेऊन घरी गेले. मला हा प्रसंग फार आवडतो. आयडिया चांगलीच होती हो, फोटो पण मस्त येतो, फक्त त्या गावात खाटेला काय किंमत आहे ते आयडिया काढणाऱ्याला माहीत नव्हतं. मग २०१९ ला आंध्रात जगनमोहन १७५ पैकी १५१. २०२१ ला बंगालात तृणमूल २१३, आणि भाजप तीन आकडी गेली तर हे काम सोडतो असं त्यांनी आधी सांगून ठेवलं होतं, भाजप ७७ वर थांबली. म्हणजे पैज जिंकले आणि तरी निकालाच्याच दिवशी हे काम सोडतो म्हणाले.

मधे एकदा ते आत जाऊन पण आले होते. २०१८ ला नितीशकुमारांच्या जेडीयूत गेले, थेट राष्ट्रीय उपाध्यक्ष, आणि जानेवारी २०२० मध्ये पक्षानं काढून टाकलं, नागरिकत्व कायद्यावरनं जाहीर बोलत होते म्हणून. बाहेरचा सल्लागार असताना हेच ते नितीशना खोलीत बसून सांगू शकले असते, ऐकलं असतं नसतं तो भाग वेगळा. आतल्या माणसानं तेच बाहेर बोललं की ती बंडखोरी होते.

मग स्वतःचं. २ ऑक्टोबर २०२२ ला चंपारणमधून पदयात्रा चालू केली आणि बरोबर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर २०२४ ला जन सुराज पक्ष काढला. आणि तुमच्या प्रश्नासाठी महत्त्वाचं म्हणजे अध्यक्ष ते स्वतः झाले नाहीत. आधी मनोज भारती म्हणून माजी राजदूत कार्यकारी अध्यक्ष, मग २०२५ मध्ये माजी खासदार उदय सिंह राष्ट्रीय अध्यक्ष. चेहरा यांचा, खुर्ची दुसऱ्याची. नोव्हेंबर २०२५ च्या निवडणुकीत दोनशेच्या वर उमेदवार उभे केले, स्वतः उभे राहिले नाहीत, आणि जागा शून्य. जेडीयूला २५ च्या वर जागा येणार नाहीत असं म्हणाले होते, त्यांना ८५ आल्या.

लोक यावर हसले, मी हसलो नाही. दोन वर्षं गावोगाव चालणं खायचं काम नाही, सल्ला देणारे आपण सगळे दुकानात बसून असतो. पण माझं मत असं आहे की ज्यांची उदाहरणं आपण देतो त्यांच्यात एक फरक असतो, आधी काय होतं आणि मग काय आलं हा. आपल्याकडचंच घ्या. उद्धव ठाकरेंची चौरंग नावाची जाहिरात एजन्सी होती, मग २००३ ला महाबळेश्वरला ते कार्याध्यक्ष झाले. पण पक्ष घरातच होता, जाहिरात मधे येऊन गेली. ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन सात वर्षं कार्लटन नावाच्या टीव्ही कंपनीचं जनसंपर्काचं काम बघत होते, पण त्याच्या आधीच १९८८ पासून ते पक्षाच्या संशोधन विभागात होते, म्हणजे पक्षातून बाहेर गेले आणि परत आले. आणि बाळासाहेब तर व्यंगचित्रकार, मागे पक्ष काही नव्हता. पण १९६० ला मार्मिक निघालं आणि शिवसेना १९६६ ला. मधली सहा वर्षं लोक आपली गाऱ्हाणी घेऊन त्या साप्ताहिकाकडे येत होते. पटो न पटो त्यांचं राजकारण, तो मुद्दा नाही इथे, व्हय म्हणणारे आधी जमले होते आणि संघटना नंतर आली एवढंच म्हणायचंय. तुम्ही सहा वर्षं लोकांना काय आवडेल ते शोधताय, पण ते लोक तुमच्या क्लायंटचे आहेत.

आता माझं. सप्टेंबर २०१४ च्या शेवटी एकाच दिवशी युती पण तुटली आणि आघाडी पण तुटली, १५ ऑक्टोबरला मतदान, आणि प्रत्येक पक्षाला अचानक सगळीकडे आपली माणसं हवी झाली. आमच्या त्या पक्षाचा तालुकाध्यक्ष त्याच आठवड्यात दुसरीकडे गेला. मी त्यांची पत्रकं करत होतो, मला वाड्या माहीत, मंडळांचे नंबर माहीत, तर जिल्ह्यावरनं फोन आला की तूच हो. बायको म्हणाली आधी मागच्या बिलाचं विचारा. बिल अजून यायचंय, आता येणार पण नाही, स्वतःच्याच पक्षाला कोण बिल लावतो.

पहिल्या आठवड्यात कळलं की पैसा उलटा वाहायला लागला. आधी मी दुकानात बसायचो आणि लोक ॲडव्हान्स द्यायचे, आता कबड्डीचा चषक, गणपतीत भजनीबुवांचा पाहुणचार, दशावताराच्या नाटकाला पाकीट, सगळीकडे अध्यक्ष म्हणून नाव पुकारतात. आणि फोन. सकाळी सहाला फोन की वाडीतली डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) उडाली, रात्री अकराला फोन की अमक्यानं बांधावरनं दगड काढला. मी म्हणायचो अरे वीज कंपनीला सांगा, तर पलीकडून "मग तू कित्याक आसंस?" म्हणजे मग तू कशाला आहेस, याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. प्रचारातल्या माणसाला वाटतं लोकांना संदेश पाहिजे असतो. लोकांना वायरमन पाहिजे असतो.

बोलण्याचंच बघा, जे माझं हत्यार होतं. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, कथा काय ते आधी सांगतात आणि रंगमंचावर राजा आणि राक्षस आपापलं बोलतात, समोरच्यानं अडवलं तर तिथल्या तिथे उत्तर. मी आयुष्यभर दुसऱ्याला लिहून दिलं, म्हणजे संहितावाला. पहिल्या सभेला उभा राहिलो, सुंदर लिहून नेलेलं, मधेच एका आजोबांनी विचारलं, "ता ऱ्हवां दे, आमच्या साकवाचा काय?" साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, आणि माझा कागद संपला. ज्या मतदारसंघानं नाथ पै ऐकले आणि मधु दंडवतेंना १९७१ पासून पाच वेळा निवडून दिलं, तिथले लोक भाषणाला भुलतात असं समजू नका, त्यांनी आपल्यापेक्षा चांगली ऐकलीत.

आणि आता तो बारीक अक्षरातला पोरगा. २०१४ ला आमच्या पत्रकांवर मुद्रक मी होतो, मग प्रकाशक पण मीच कशाला म्हणून त्याचं नाव घातलं. त्यानं विचारलं पण नाही कशाला, सही केली. नंतर दोन वर्षं बोर्ड लावणं, झेंडे, रात्री पोस्टर चिकटवणं, डीपीसाठी कुडाळच्या ऑफिसला हेलपाटे, सगळं तो. डीपी बदलून आली ती त्याच्यामुळे, बॅनरवर आभार माझे छापले होते, मीच छापले होते. २०१७ ला जिल्हा परिषद आली तेव्हा त्याची जागा पक्की असं मी त्याला सांगितलं होतं, त्याच्या घरी जेवताना, त्याच्या आईसमोर. अर्ज भरायला दोन दिवस असताना वरनं फोन आला की समझोता झालाय, ती जागा सोडायची, तिथे कोणाला एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद) द्यायचा नाही. फॉर्मचा गठ्ठा माझ्याच पिशवीत.

कन्सल्टंट असतो तर मी काय केलं असतं माहितेय? अध्यक्षाला म्हटलं असतं, तुम्ही स्वतः जा, आजच जा, फोनवर सांगू नका, कारण लपवू नका. हाच सल्ला मी अगदी अशाच वेळी दोघांना दिलेला आहे आणि पैसे घेतलेत त्याचे. स्वतःवर आल्यावर मी दीड दिवस त्याचा फोन उचलला नाही. मला जा म्हणून सांगणारं कोण नव्हतं, कारण तालुक्यात असलं सांगणारा माणूस मीच होतो आणि मीच खुर्चीत बसलेला. बाकीचे म्हणत होते अध्यक्ष, तुम्ही बोला ते बरोबर.

शेवटी तोच दुकानात आला. ओरडला नाही. म्हणाला, "दोन वर्सां माका पोस्टर चिकटवूक लावलंस आणि आता वरसून फोन इलो म्हणतंस?" मी काहीतरी पक्षशिस्त वगैरे म्हटलं. तर म्हणाला, "ता माका कळता. पण आवशीक (आईला) काय सांगू?" आणि गेला. निवडणुकीनंतर महिन्याभरानं मी राजीनामा दिला, त्याची बातमी पण आली नाही कुठे, मी स्वतः प्रेसनोट लिहिणारा माणूस आणि ती प्रेसनोट लिहावीशी वाटली नाही.

तर तुमच्यासाठी, पटापट. नवीन पक्षच काढायचा म्हणत असाल तर नोंदणी फार अवघड नाही, त्याच १९५१ च्या कायद्याचं कलम २९ अ, पक्ष स्थापन झाल्यापासून तीस दिवसांत आयोगाकडे अर्ज, दहा हजार रुपये, पक्षाची घटना आणि निदान शंभर मतदार-सदस्यांची प्रतिज्ञापत्रं. पण चालू ठेवणं अवघड, वीस हजारांवरच्या देणग्यांचा हिशोब दरवर्षी द्यावा लागतो, आणि सहा वर्षं एकही निवडणूक लढवली नाही म्हणून आयोगानं ऑगस्ट २०२५ मध्ये ३३४ पक्ष यादीतून काढून टाकले. हा जो छोटा पक्ष तुम्हाला बोलावतोय त्यानं शेवटची निवडणूक कधी लढवली ते आधी बघा, आणि आधीचा अध्यक्ष का गेला ते त्यालाच फोन करून विचारा, पक्षाला नको. आणि उमेदवारी कोण ठरवणार ते लेखी घ्या. एबी फॉर्मवर सही तुमची नसेल तर तुम्ही अध्यक्ष नाही, शालवाले प्रवक्ते आहात, आणि प्रवक्ता व्हायचं असेल तर तुम्ही आत्ता आहात तेच पैसे घेऊन बरं आहे. निवडणुकाच नसतील त्या काळाचा पण विचार करा, आमच्याकडे जिल्हा परिषदेची मुदत २०२२ ला संपली आणि मग काही वर्षं प्रशासकच होता, त्या काळात तालुक्याचे अध्यक्ष नुसते बारशाला आणि तेराव्याला जात होते.

माझं म्हणाल तर घेऊ नका असं मी म्हणणार नाही. आधी एक वर्ष गावी राहा, एवढंच. पदाशिवाय. एक डीपी बदलून आणा, एका साकवाच्या मागे लागा, मुंबईच्या मंडळाच्या चार मीटिंगला मागच्या बाकावर बसा. मग लोक स्वतः म्हणाले तर व्हा. आणि एक माणूस असा ठेवा जो तुमच्या पगारावर नाही आणि पक्षात पण नाही आणि तुम्हाला तोंडावर सांगेल की तू चुकतोयस, फोन उचल. तुम्ही क्लायंटसाठी तो होता, आता तुमच्यासाठी दुसरा शोधायला लागेल. मला तो मिळाला नव्हता, बायको होती पण तिचं मी ऐकत नव्हतो.

तो पोरगा डिसेंबर २०२२ ला परत आला दुकानात. ग्रामपंचायतीला थेट सरपंच म्हणून उभा होता, तिथे पक्षाचं चिन्ह नसतं त्यामुळे एबी फॉर्मची भानगडच नाही, निशाणी छत्री मिळालेली. मी म्हटलं मजकूर मी करतो, पैसे नको, आणि रात्री बसून चांगल्या चार ओळी काढल्या, यमक वगैरे जुळवून. त्यानं वाचल्या, हसला आणि सगळ्या खोडून खाली पेनानं लिहिलं, "डीपी आणलंय, रस्तो पण आणतलंय." तेच छापलं. प्रकाशक म्हणून कोणाचं नाव घालू विचारलं तर म्हणाला तुझा घाल.